नऊ इंच खोल नांगरट

आमच्या सोसायटीच्या गोदामात खत सोडून सगळं राहिलेलं आहे. पारवे राहिले, एका निवडणुकीच्या मतपेट्या राहिल्या, चेअरमनच्या मेव्हण्याचं अख्खं वऱ्हाड चार दिवस राहिलं. ज्या खतासाठी ते बांधलं, ते खत मात्र तालुक्याच्या भूमच्या पुढं कधी आलं नाही. आणि शहाऐंशी साली, गावात प्यायला टँकरचं पाणी असताना, त्याच गोदामात वांगी पिकली. ती कशी पिकली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांचं काय केलं, ते सांगतो. ‘आम्ही’ म्हणतोय खरा, पण त्यात मोठा वाटा माझा आहे.

मी माणिकप्पा, खापरवाडी विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटीचा सेक्रेटरी. मूळचा उमरग्याकडचा. बायको आणि आई तिकडं, आणि मी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, भूमच्या खडकात. सात वर्षं बदली मागत होतो. दर वर्षी अर्ज करायचो आणि दर वर्षी साहेब म्हणायचे, “काही काम दाखवा, मग बघू.” आता खापरवाडीत काम दाखवायचं म्हणजे टकल्याला कंगवा दाखवण्यासारखंच.

गोदामाच्या अर्ध्या भागात शहाबादी फरशी आहे आणि उरलेल्या अर्ध्यात नुसता मुरूम. बाकीची फरशी कुठं गेली हे विचारू नये. बांधकाम समितीवरच्या मंडळींकडं चहाला गेलं की ओसरीवर दिसते. छपराचे दोन पत्रे वावटळीत उडाले, तेव्हापासून त्या मुरमाच्या भागात दुपारपर्यंत छान ऊन पडतं. नवे पत्रे बसवण्याचा ठराव तीन वार्षिक सभांत एकमतानं मंजूर झालाय. आमच्याकडं ज्याला एकानंही विरोध केला नाही, ते काम होत नाही असा अनुभव आहे.

पंच्याऐंशी साली पावसानं पाठ फिरवली तेव्हा सरकारनं जनावरांसाठी सरकी पेंडीची पोती धाडली. ती कुणाला आधी वाटायची यावर संचालक मंडळाच्या चार सभा झाल्या. चौथ्या सभेच्या दिवशी त्या सालातला एकुलता एक मोठा पाऊस आला आणि नेमका त्या दोन पत्र्यांच्या भोकातून पोत्यांवर पडला. पेंडीला बुरशी चढली. छावणीतल्या हाडं दिसणाऱ्या बैलांनीसुद्धा तिला तोंड लावलं नाही. मग पाचव्या सभेत पेंड ‘निकामी’ ठरवली गेली, एकमतानं.

गोदाम झाडायला हरणाबाई होती. धनगराची, पन्नाशीतली, काटक बाई. नवरा वारलेला, मेंढरं आधीच्या दुष्काळात गेलेली. रिकामं गोदाम झाडायला बाई कशाला, असं एका ऑडिटरनं विचारलं होतं. चेअरमन तात्याराव त्याला म्हणाले, “भरलेलं गोदाम झाडता येतं व्हय, साहेब?”

दसरा झाला आणि एक दिवस पाहतो तर हरणाबाई मुरमावर फाटकी बारदानं अंथरत होती.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“वाफा करतेय, अप्पा.”

“मुरमावर? कुदळ मारली तर कुदळ मोडेल.”

“मारतंय कोण?” ती म्हणाली.

आणि खरंच तिनं कुदळीला हात लावला नाही. बारदानावर लिंबाचा पाला टाकला. त्यावर ती निकामी पेंड हातानं चुरून पसरली. तिच्या भावकीतल्या एकाची थोडी मेंढरं अजून जिवंत होती, तिथून दोन पाट्या लेंड्या आणल्या. छावणीतलं शेण वाळवून त्याचा भुगा घातला, चुलीतली राख चिमटीनं शिंपडली, ठेचलेल्या निंबोळ्या टाकल्या आणि वरून पुन्हा पाला. घरची भांडी घासलेलं खरकटं पाणी रोज दोन तांबे. बास. उंची म्हणाल तर वीतभर. महिन्याभरानं तिनं त्यात बोट घातलं तर खाली सगळं काळंभोर आणि भुसभुशीत झालेलं, आणि कुठून आलं देव जाणे, एक गांडूळ बोटाला लागलं. गावातल्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या आणि हे बेटं आमच्या गोदामात राहायला आलं होतं, वर्गणी न भरता.

मी शेतकऱ्याचा पोरगा. मला हे बघवेना. म्हटलं, “हरणाबाई, निदान एकदा खालीवर तरी करा. मिसळल्याशिवाय खत लागत नाही.”

ती हसली. “अप्पा, कुणाला जेवाया घालताना पोट फाडून घालत्यात व्हय? वरून द्यायचं. खाली न्यायचं ती भुई बघून घेती. आमच्यात नांगर न्हाय. आमी रानात मेंढरं बसवितो, सकाळी उठवितो, फुडच्या रानात जातो. तुमी लोकं नांगरता आन् मंग म्हणता की धनगरामुळं पीक आलं.”

मी आत जाऊन रजिस्टर उघडून बसलो. सेक्रेटरी माणसाला ही एक सोय असते.

कार्तिकात तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली. राखेत ठेवलेलं वांग्याचं बी. तिच्या सासूच्या हातचं. खापरवाडीचं काटेरी वांगं म्हणजे कधीकाळी भूमच्या बाजारात नाव घेऊन मागितलं जायचं. साऱ्या गावाला लावणीच्या रोपांचं तरू मिळायचं ते हिच्या सासूच्या वाफ्यातून. पण दोन वर्षं कुणाच्या रानात ओल नाही, कुणी वांगं लावलं नाही, ज्यांच्याकडं बी होतं त्यांचं घुशींनी आणि भुंग्यांनी खाल्लं. हिच्या पुरचुंडीतलंही जुनं झालेलं. बोटानं भोकं पाडून तिनं होतं नव्हतं तेवढं सगळं टोचलं. उगवली नऊ रोपं.

“आता गावात ह्येच बी,” ती मला म्हणाली. “ही जगली तर फुडच्या साली तरू. न्हायतर माझ्या सासूचं वांगं संपलं म्हणायचं.”

ती नऊच्या नऊ जगली. वारा नाही, शेळ्या नाहीत, वरून ऊन आणि खालून तो काळा लोण्यासारखा थर. माघ संपता संपता जांभळी, पांढऱ्या रेघांची, देठाला काटे असलेली वांगी लागली. दुष्काळात ताजं वांगं दिसणं म्हणजे काय, हे पोटभर खाल्लेल्याला कळायचं नाही. लोक निमित्त काढून गोदामात यायचे. तात्यारावांनी भरतासाठी निरोप धाडला. मी स्वतः दोनदा घुटमळलो. हरणाबाईनं कुणाला एक दिलं नाही, आणि स्वतःही एक खाल्लं नाही.

“ती खायाची न्हायती. झाडावर पिवळी हुस्तवर ठेवायची, मंग त्यात बी भरतंय.”

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं, कारण इथपर्यंत सरकारला काही माहीत नव्हतं.

फाल्गुनात पंचायत समितीचे विस्तार अधिकारी आले. मार्च संपत आला होता आणि त्यांच्याकडं ‘दुष्काळी भागात सेंद्रिय खताचा प्रयोग’ या नावाचा एक प्रकल्प होता. प्रकल्प मंजूर होता, कागदपत्रं तयार होती, नव्हता तो फक्त प्रयोग. गोदामाच्या दारातून त्यांना वांगी दिसली आणि त्यांचा चेहरा असा खुलला की मला त्यांची दया आली. त्यांनी तिथंच पिशवीतून फॉर्म काढला, तीन प्रतींत.

मी भरायला बसलो. जमिनीचा प्रकार, मुरमाड. पाण्याचं साधन, भांडी. त्यांनी ते खोडून ‘इतर’ लिहिलं. मग रकाना आला: मशागत, नांगरटीची खोली, इंचांत.

“हिनं नांगरलेलं नाही,” मी म्हणालो. “तीच तर गंमत आहे.”

“रकाना मोकळा ठेवता येत नाही, माणिकप्पा.”

“मग शून्य लिहू?”

“शून्य लिहिलं तर वरचे म्हणतील मशागतच केली नाही, मग प्रयोग कसला? शिफारस नऊ इंचांची आहे.”

मग ते म्हणाले, “उमरग्याला एक जागा रिकामी होतेय, म्हणतात.”

मी नऊ लिहिलं. नुसतं नऊ नाही, ‘नऊ इंच खोल नांगरट’ असं, ठसठशीत अक्षरात. माझं अक्षर चांगलं आहे.

तो कागद भूमला पोचला आणि चार दिवसांत निरोप आला. अठ्ठावीस मार्चला सभापती नानासाहेब स्वतः येऊन प्रकल्पाचा शुभारंभ करणार. झाडांना वांगी लागली होती, पण प्रकल्प अजून सुरू व्हायचा होता, आणि सुरू होऊन एकतीस तारखेच्या आत संपायचाही होता. तात्याराव खूश झाले. संचालक मंडळानं वाफा संस्थेचा असल्याचा ठराव केला. हरणाबाईचं नाव त्यात ‘स्थानिक मजूर’ असं आलं.

हरणाबाई मला म्हणाली, “पंधरा दिस फुडं ढकला की, अप्पा. दोनच वांगी पिवळी पडाया लागलीत. बाकीची हिरव्या बियाची हायती अजून.”

“तारीख वरून आलीय. काळजी करू नका. नारळ फोडतील, भाषण करतील, जातील.”

“हात न्हाय ना लावायचे?”

“कोण लावतंय?” मी म्हणालो.

आणि मला माहीत होतं. हे लपवत नाही. आमच्याकडं शुभारंभ म्हणजे कुदळ. रस्ता असो, शाळेची खोली असो, पाझर तलाव असो, पाहुण्यानं हार घातलेल्या कुदळीचा घाव घातल्याशिवाय काम सुरू झालं असं कुणी मानत नाही. पुढं काम होईलच असं नाही, पण घाव पडलाच पाहिजे. आणि पाहुण्यामागून प्रत्येक संचालकानं एकेक घाव घालायचा. एखाद्याची पाळी चुकली तर पुढच्या सभेला कोरम होत नाही. आमचे संचालक अकरा. मला वाटलं, बाहेर मांडवाजवळ कुठंतरी मारतील घाव. खरं तर मला असं वाटून घ्यायचं होतं.

अठ्ठावीसला नानासाहेब दहाचे म्हणून दीडला आले. लोक तोवर उन्हात बसून होते, आणि टँकर कार्यक्रमासाठी थांबवून ठेवला होता म्हणून बायका पाण्यावाचून होत्या. नानासाहेबांनी माझाच कागद हातात धरून भाषण केलं. म्हणाले, “आपला शेतकरी आळशी झाला आहे. वरवर खरवडतो आणि पावसाला शिव्या देतो. या संस्थेनं काय केलं? नऊ इंच! नऊ इंच खोल नांगरट केली आणि मुरमातून वांगी काढली!” टाळ्या पडल्या. छावणीवर बैल मरायला टेकलेले शेतकरी टाळ्या वाजवत होते.

मग ते उठून थेट गोदामात शिरले. तात्यारावांनी हळदकुंकू लावलेली, झेंडूची माळ घातलेली कुदळ त्यांच्या हातात दिली. फोटोवाला पुढं झाला. “साहेब, ती नांगरट जरा करून दाखवा,” कुणीतरी म्हणालं.

हरणाबाई भिंतीला टेकून उभी होती. ती एकदम पुढं आली. “सायेब, लोखंड लावू नका! मुळ्या वरच्या वर हायती, तुटत्याल!”

नानासाहेबांनी वळून विचारलं, “काय म्हणते बाई?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तात्याराव बघत होते, विस्तार अधिकारी बघत होते, हरणाबाई बघत होती. एक वाक्य बोलायचं होतं. ‘साहेब, हा वाफा उकरायचा नसतो.’ पाच शब्द.

“आभार मानते, साहेब,” मी म्हणालो.

नानासाहेबांनी हात जोडले आणि घाव घातला. वीतभर मातीतून कुदळ खालच्या मुरमावर खणकन आदळली. ती उपसली तसं एक झाड मुळासकट वर आलं. फोटोवाला म्हणाला, “साहेब, डोळे मिटले होते, अजून एकदा.” अजून एकदा झालं. मग तात्याराव. मग व्हाइस चेअरमन. मग उरलेले नऊ, यादीतल्या क्रमानं. शेवटचे बिभीषणराव ऐंशीचे, त्यांना कुदळ उचलेना, तर दोघांनी हात लावून त्यांचा घाव पुरा केला. झाडं नऊ, त्यातलं एक साहेबांच्या वाट्याला गेलेलं, आणि संचालक अकरा, त्यामुळं शेवटच्या तिघांना नुसतीच माती मिळाली. त्यांनी ती गोष्ट मनाला लावून घेतली.

पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, म्हणून वांगी तोडून नव्या पाटीत भरली. पाटी भरल्यासारखी दिसेना, तेव्हा ती दोन पिवळी पडलेलीही वर ठेवली. पाटी जीपमध्ये गेली. नानासाहेबांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “पुढचा अहवालही असाच येऊ द्या, मग तुमचं उमरगा बघतो.”

मांडव मोडल्यावर मी गोदामात गेलो. हरणाबाई खाली बसून उपटलेल्या झाडांच्या मुळ्या बघत होती. एकही लावण्यासारखं राहिलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “म्या आभार मानलं व्हय, अप्पा?”

माझ्या आयुष्यात मला बऱ्याच लोकांनी बरंच काही ऐकवलंय. बापानं ऐकवलंय, ऑडिटरनं ऐकवलंय. पण त्या दिवशी जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती. मी म्हणालो, “चुकलं माझं.”

“चुकलं ते चुकलं. त्या पाटीतली दोन पिवळी हायती ना, ती तेवढी आना. आढ्याला टांगून ठिवली तर आतल्या आत बी पकंल. बाकीची खाऊं द्यात त्यास्नी.”

सकाळच्या एसटीनं भूमला गेलो. नानासाहेब दौऱ्यावर होते. त्यांच्या मंडळी केशरबाईंनी आदरानं बसवलं. खापरवाडीचा सेक्रेटरी म्हटल्यावर म्हणाल्या, “अगं बाई, कालच्या वांग्यांचे का? जेवूनच जावा.” मी नको नको म्हणेपर्यंत पुढ्यात ताट आलं. भाकरी आणि भरीत. चुलीत भाजलेलं, वर कच्चं तेल, ठेचलेला लसूण.

“पाटीत दोन पिवळी होती,” मी घास हातात धरून विचारलं.

“ती व्हय? निबर झाली होती. सकाळी म्हशीला टाकली.”

मी तो घास खाल्ला. ताटावरून उठून जाण्याएवढं धाडस माझ्यात कधीच नव्हतं. आणि खोटं कशाला सांगू, इतकं चांगलं भरीत मी जन्मात खाल्लं नव्हतं. दुसरी भाकरी घेतली.

हात धुवायला उठलो तर केशरबाई म्हणाल्या, “सेक्रेटरी, ह्या वांग्याचं जरा बी धाडा की. असं वांगं आता कुठं मिळत न्हाय. परसात लावीन म्हणते.”

“पाठवतो,” मी म्हणालो. सवयीनं तोंडातून गेलं.

परत येताना एसटीत मी चार वेळा जुळवाजुळव केली. हरवली म्हणू, सापडली नाहीत म्हणू, साहेबांनी सोलापूरला पाठवली म्हणू. पण गोदामात हरणाबाईसमोर उभा राहिलो तेव्हा सगळं खरं सांगून टाकलं. भरीत खाल्लं तेसुद्धा. तिनं भरताकडं लक्षच दिलं नाही.

“म्हशीला टाकली? कवा?”

“आज सकाळी म्हणाल्या.”

तिनं बोटं मोजली. “मंग उद्या, परवा. लई तर तेरवा.”

“काय परवा?”

“शेण, अप्पा. मेंढरू बाभळीच्या शेंगा खातंय. बाभळी कुठं उगवत्यात, बघितलं न्हाय का? जितं मेंढरं बसली तितं. दात लागला ते बी गेलं, न्हाय लागला ते शेणातनं निघतंय. ती दोन पिवळी व्हती. पार न्हाय, पण धरलं व्हतं बी त्यात.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ती भूमला गेली आणि सभापतींच्या दारात उभी राहिली. म्हणाली, तुमचा गोठा काढते, शेणकूर करते, काही देऊ नका. केशरबाईंना गहिवरून आलं. त्या अजून सांगतात म्हणे, खापरवाडीचे लोक किती जाण ठेवणारे, एक बाई नुसत्या कृतज्ञतेपोटी तीन दिवस येऊन शेण काढून गेली.

तिसऱ्या दिवशी पाटी आणायला मी गेलो. भूम ते खापरवाडी, एसटीत मांडीवर शेणाची पाटी घेऊन. शेजारच्या माणसानं जागा बदलली. कंडक्टरनं विचारलं, “सेक्रेटरीसाहेब, हे काय, खत का?” मी म्हणालो, “सभापतींनी दिलंय.” त्यानं लगेजचं तिकीट फाडलं नाही.

वाफा तसाच पडला होता, ढेकळं आणि खड्डे. मी म्हणालो, “हे सारखं करून घेऊ का आधी?”

“हात लावू नका. जसं हाय तसं. वरून घाला.”

तिनं पाला टाकला, उरलेली पेंड चुरली, लेंड्यांचा भुगा टाकला आणि सगळ्यात वर ते शेण, पातळ करून, सारवल्यासारखं नाही तर शिंपल्यासारखं. रोज दोन तांबे खरकटं पाणी तिचं, दोन तांबे माझ्या अंघोळीतलं. मी अंघोळ बारदानावर उभं राहून परातीत करायला लागलो. चाळिशीतल्या माणसानं परातीत अंघोळ करणं शोभत नाही, पण बघायला कोण होतं?

आधी घोळ उगवली. मग राजगिरा. मग कसलंसं गवत, जे नानासाहेबांच्या म्हशीलाच ठाऊक. अठराव्या दिवशी हरणाबाईनं मला हाताला धरून नेलं आणि वाकायला लावलं. दोन पानांची सहा रोपं होती. मी म्हणालो, वांगंच कशावरून? ती म्हणाली, थांबा. बारा-पंधरा दिवसांनी नव्या पानाच्या मधल्या शिरेवर बारीक जांभळा काटा आला. तिनं त्याच्यावर अंगठा टेकवून बघितला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही आलं, काटा मला टोचला नसताना.

मे संपता संपता विस्तार अधिकारी आले. प्रकल्पाचा पुढचा अहवाल पाहिजे होता. सोबत बातमी होती. उमरग्याची जागा रिकामी झालीय, नानासाहेबांनी शब्द टाकलाय, एवढा अहवाल चांगला गेला की ऑर्डर निघेल. आणि पावसाळ्याच्या तोंडावर नानासाहेब प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचा शुभारंभ करणार आहेत, या वेळी जिल्ह्याचे पाहुणे घेऊन.

“बारा इंच लिहा या वेळी,” ते म्हणाले. “प्रगती दिसली पाहिजे.”

मी पेन घेतलं. उमरग्याची आमची ओसरी मला दिसत होती, आणि आई. गेल्या खेपेला तिनं मला आवाजावरून ओळखलं होतं, नजर अधू झालीय तिची. सहा रोपं, सात वर्षं. हिशेब काय अवघड नव्हता, कुठल्याही शहाण्या माणसाला जमला असता.

सद्यःस्थितीच्या रकान्यात मी लिहिलं: ‘सर्व झाडे मेली. वाफा निकामी. प्रकल्प बंद करावा.’ सही केली, शिक्का मारला, तीन प्रतींत.

विस्तार अधिकाऱ्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. “आत जाऊन बघू का एकदा?”

“बघा की. आत पारव्यांची घाण आहे फक्त, आणि सापही निघाला होता परवा.”

ते दारातूनच माघारी गेले. तात्यारावांनी संध्याकाळी मला फैलावर घेतलं. “अप्पा, दुसऱ्याचं पीक जळालं तर आपुन भरपूर आलं म्हणून लिवतो, आन् तू चांगल्या प्रकल्पाला मेला लिवतोस? तुला बदली नगं व्हती का?” मी म्हणालो, चुकलं. पंधरा दिवसांत कळलं की उमरग्याला भूमशेजारच्या वाशीच्या बाजूचा कुणी सेक्रेटरी गेला. आईला पत्र टाकलं की यंदाही जमलं नाही. का जमलं नाही, ते लिहिलं नाही.

हरणाबाईला ते सगळं गावातून कळलं. ती झाडू घेऊन गोदामात आली तेव्हा मी कुलूप लावत होतो.

“उमरगा न्हाय म्हणं?”

“न्हाय.”

“कागदात लिवलंस, ती समदी मेली म्हणून?” ती पहिल्यांदाच मला एकेरी बोलली.

“व्हय.”

“साहीच्या साही?”

“साहीच्या साही. वर शिक्कापण मारलाय.”

तिनं माझ्या हातातली किल्ली घेतली आणि कनवटीला लावली.

“मंग आता जगत्याल,” ती म्हणाली.